मास्तरांची तुरपाई

मोतीबिंदू काढला आणि शिंपीमास्तरांचं जे काय सुरू झालं, ते विचारूच नका! नळाखाली हात धरून उभे. "अगं, पाणी बघ कसलं चमकतंय!" त्यांची बायको, म्हणजे मास्तरीणबाई म्हणाल्या, "चमकू दे, पण नळ बंद करा." उन्हाच्या तिरिपीत नाचणारी धूळ बघायला तर स्वारीने बाईंचा झाडूच अडवला. साठी उलटलेला माणूस, पण पार लहान पोर झाला.

चौथ्या दिवशी दुकानात येऊन त्यांनी रिळांचा डबा उघडला. काळी आणि गडद निळी रिळं एकाच खणात! डोळ्यांवर पडदा होता तेव्हा दोन्ही सारखीच दिसायची, पण तसं कबूल करतील तर ते मास्तर कसले! म्हणजे दोन वर्षं काळ्या पँटींना निळ्या दोऱ्याची तुरपाई? चाळीस वर्षांचं नाव मातीत गेलं की!

तडक उठले आणि शेजारच्या औषधवाल्याकडे गेले. त्याच्या अंगावर त्यांनीच शिवलेली काळी पँट होती.

"पाय वर घे."

औषधवाल्याने गोंधळून स्टुलावर पाय ठेवला. मास्तरांनी पँटीची खालची दुमड उलटून पाहिली. दोरा काळाच! "माझा हात चुकायचा नाही," असं ते म्हणणार, तोच टाके नीट दिसले. सगळे डावीकडे कललेले. मास्तरांचे टाके उजवीकडे कलतात. असे टाके घरच्या डावरीचे, जिला ते लग्नापासून "तुझी शिलाई उलटी" म्हणून चिडवत आले, तिचे. मास्तर दुपारी घोरत पडायचे, तेव्हा ही बाई निळा दोरा उसवून काळा घालत होती. दोन वर्षं!

ते दुकानात परतले तेव्हा मास्तरीणबाई बटणं लावत बसल्या होत्या.

"मला सांगितलं का नाहीस?"

त्यांना लगेच कळलं. "सांगितलं असतं तर मशीन सोडून घरात बसला असता. मग दिवसभर तुम्हाला झेलायचं कोणी?"

मास्तर हसले आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

"अहो, रडताय काय! डोळ्याला पाणी लावू नका म्हणून डॉक्टरांनी बजावलंय ना?"

मास्तरांनी बाहीने गाल पुसला आणि नवी काळी पँट बायकोपुढे ठेवली.

"हिची तुरपाई तूच कर. पण मी झोपल्यावर नको, आत्ता कर. मला बघायचंय."