परदेशी नकाशावर दोन पंच

त्या दिवसाची नुसती आठवण झाली तरी अजून खुर्चीत स्वस्थ बसवत नाही. माझ्या निवृत्तीला आठ महिने उरले होते. दादरच्या बाजूच्या एका ठाण्याचा मी प्रमुख होतो आणि जो तो सांगत होता, साहेब, आता शांतपणे दिवस काढा. शांतपणे! नावं कुणाचीच सांगणार नाही, बाकी घडलं तसं सांगतो.

सकाळची हजेरी चालू असताना एका नोटरीकडच्या कारकुनाचा फोन आला. हा माणूस क्वचितच फोन करायचा, पण त्याची खबर कधी फुकट जात नसे. "साहेब, वरळी कोळीवाड्यातल्या एक बाई काल आमच्याकडे मुखत्यारपत्रावर सही करून गेल्या. परदेशातलं गोदाम विकायचंय त्यांना. दोनदा म्हणाल्या, जरा वाचू द्या. सोबतचा एजंट प्रत्येक वेळी पान उलटत होता. मला काही बरं वाटलं नाही."

हवालदारांना पाठवलं. तासाभरात बाई हजर. मासळीची पाटी शेजारणीवर सोपवून आल्या होत्या, त्यामुळे जरा तणतणतच बसल्या.

"नवरा जहाजावर होता, सायेब. आफ्रिकेतल्या एका बंदरात त्यानं मासळी साठवायचं गोदाम घेतलं. तो गेला, मग तिथली नोंद माझ्या नावावर झाली. आता ते विकून पोरीसाठी बोट घ्यायची हाय. मी जन्मभर दुसऱ्याच्या बोटीची मासळी विकली. पोरीनं नाय विकायची."

एजंटने त्यांना सांगितलं होतं की, तिथे जागा विकायची तर परवानाधारक सर्वेक्षकाचा ताजा नकाशा लागतो. इथपर्यंत खरं होतं. मग त्याने नकाशा आणून दाखवला: अर्धं गोदाम बंदराच्या जमिनीवर! सरकार ताब्यात घेण्याआधी मिळेल त्या भावात विका, गिऱ्हाईक मी आणतो. बाई घाबरल्या. मुखत्यारपत्र दिलं आणि मालकीचा मूळ दस्तही देऊन बसल्या.

मी कपाळावर हात मारला. मूळ दस्त हातात, विकायचा अधिकार हातात. हा पठ्ठ्या अख्खं गोदाम विकून मोकळा झाला असता आणि बाईंना कळलंही नसतं.

एजंटला बोलावलं. आला तो ऐटीत, कडक इस्त्रीत.

"साहेब, जमीन तिकडची, मोजणी तिकडची, कायदा तिकडचा. हे दिवाणी प्रकरण आहे. तुमचा संबंध काय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण खोटं कशाला बोलू, हेच वाक्य ऐकवून मी स्वतः किती तक्रारदारांना परत पाठवलं होतं! सरकारी वकिलांना फोन केला. ते म्हणाले, "तिकडचं सोडा. इथे काय गुन्हा झाला ते दाखवा." मूळ दस्त कुठे आहे विचारलं, तर एजंट म्हणाला, "पाठवला." कधी, कुठून, काही सांगेना.

बाईंकडे त्या नकाशाची झेरॉक्स होती. मी ती घेऊन वाचत बसलो. सगळं इंग्रजीत होतं. हद्दी पूर्वेपासून सुरू: पूर्वेस रस्ता, मग दक्षिणेस अमुक, पश्चिमेस तमुक, उत्तरेस समुद्र. खाली मजकूर, की वरील मोजणी आम्हां पंचांसमक्ष झाली असून ती बरोबर आहे. त्याखाली पंच क्रमांक एक, पंच क्रमांक दोन, दोन सह्या. मी थबकलो. हवालदारांपुढे कागद सरकवला. त्यांनी चष्मा वर केला आणि खो खो हसले.

"साहेब, हा तर आपला पंचनामा आहे!"

बाईंच्या मुलीने मोबाइलवर जुना, खरा नकाशा पाठवला. नवऱ्याने गोदाम घेतलं तेव्हाचा. त्यात कोपऱ्यांचे आकडे, कोन, सर्वेक्षकाचा परवाना क्रमांक. पंच औषधालाही नाहीत. आता मला कोण धरतंय! दोन्ही कागद एजंटपुढे आपटले.

"हा कागद मुंबईत बनलाय. मोजणी खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाने बनवलाय. नाव सांगतोस की मी शोधून काढू?"

खरं तर माझ्याकडे याहून जास्त काहीच नव्हतं. पण त्याची इस्त्री उतरली. दोन वेळा पाणी मागितलं आणि लालबागच्या एका चाळीचा पत्ता दिला.

तिथे भेटले एक निवृत्त आरेखक, म्हणजे नकाशे काढणारे. म्हातारबुवांनी काही लपवलं नाही, उलट जरा रागावलेच. "त्यांनी फक्त जुन्या नकाशातली एक रेघ आत सरकवायला सांगितली होती. पण साहेब, चारी बाजूंच्या हद्दी नाहीत, पंच नाहीत, असा उघडावाघडा कागद मी हातावेगळा कसा करू? तीस वर्षं नोकरी केलीय!"

"आणि पंच कोण?"

"मीच. एक सही उजव्या हाताने, एक डाव्या."

हसावं की बेड्या घालाव्या! मूळ दस्ताचं विचारलं, तर म्हणाले, एजंट सकाळी माझे पैसे द्यायला आला होता, तेव्हा बोलला, दस्त परळच्या एका कुरियरवाल्याकडे टाकलाय, विमानतळाची गाडी चारला सुटते. तेव्हा वाजले होते साडेतीन.

बाहेर जीपमध्ये बाई बसल्या होत्याच. निघालो. परळच्या सिग्नलला जीप अडकली ती अडकलीच. चारला पाच कमी असताना मी उतरून धावत सुटलो, पोट सांभाळत. आणि माझ्या पुढे कोण? बाई! चप्पल हातात, वाटेतल्या माणसांना "सरक रे!" म्हणत. आम्ही दुकानात शिरलो तेव्हा थैल्या गाडीत चढत होत्या. तिसऱ्या थैलीत पाकीट सापडलं. मूळ दस्त, मुखत्यारपत्र, दोन्ही. मी चक्क टाळी वाजवली.

तिथेच, खरे दोन पंच बोलावून, मोबाइलवर चित्रीकरण करून कागद जप्त केले. पुढे खटला उभा राहिला, कोर्टाने दस्त बाईंना परत दिला. तिथल्या खऱ्या सर्वेक्षकाने मोजणी केली, तर अख्खं गोदाम हद्दीच्या आत निघालं. ते योग्य भावात विकलं गेलं आणि बोटही आली.

पण ही घटना मला काय शिकवून गेली ते त्या कुरियरच्या दुकानातच कळलं. जप्तीची नोंद लिहून मी कागद बाईंपुढे सरकवला आणि सवयीने म्हणालो, "करा सही मावशी, नेहमीचाच कागद आहे."

त्यांनी पेन उचललं आणि तसंच खाली ठेवलं. माझ्याकडे बघत म्हणाल्या, "तो पण असंच बोलला होता."

चौतीस वर्षांत हे वाक्य मी किती माणसांना ऐकवलं असेल, देव जाणे. लाज वाटली, खरंच लाज वाटली. मी खुर्ची ओढली, त्यांना बसवलं आणि म्हणालो, सावकाश वाचा. त्या ओळीवर बोट ठेवून वाचू लागल्या. हवालदार उभे, पंच ताटकळलेले, मीही उभा. वीस मिनिटं गेली. मग त्यांचं बोट एका जागी थांबलं.

"सायेब, दस्ताची पानं धा लिवलीत. अकरा हायत."

मी मोजली. अकरा होती. मी चूक खोडली, बाजूला सही केली. मग त्यांनी केली.