दोन हातांचा चाकू
एसटीत शेजारच्याने तळहातावर चुना घालून तंबाखू मळायला घेतली आणि त्या वासाने मी थेट डहाणूच्या त्या हार्डवेअरच्या दुकानात जाऊन पोचलो. तेव्हा तंबाखू सोडून जेमतेम आठवडा झाला होता. हात स्वस्थ बसेनात, म्हणून चिकूच्या सुक्या फांद्या तासत बसायला खिशात मावेल असा चाकू घ्यायचं ठरलं. बायकोही सोबत आली. दुकानात मी एकेक चाकू उघडत होतो, मिटत होतो. एक तर नुसत्या अंगठ्याने ढकलला की खटकन उघडायचा. "हाच द्या," मी म्हटलं. बायकोने तो माझ्या हातातून काढून घेतला. "ह्यांना कडक दाखवा, शेठ. उघडायला दोन्ही हात लागले पाहिजेत." गुजराती दुकानदार हसला, "बेन, कडक कोणी मागत नाही." "एक हात मोकळा राहिला की तो पुडी शोधतो," ती म्हणाली. तिने घेतलेला चाकू उघडताना माझी नखं मोडायची. मी चिडायचो, तासायचो, पुन्हा चिडायचो. पण तंबाखू सुटली. इतक्या वर्षांत तो चाकू सैल झालाय, आता एका हाताने उघडतो. बायकोला हे अजून सांगितलेलं नाही. झाईचा थांबा येईपर्यंत एका हातात तो मिटलेला चाकू धरून दुसरा, मोकळा हात मांडीखाली दाबून बसलोय.