न तापणारा लॅपटॉप

यवतमाळच्या वाघापूर भागात कोणाला काही घ्यायचं असलं, की लोक आधी पैसे जमवतात आणि मग कमलाकरराव पांढरीपांड्यांना विचारतात. काही जण आधी विचारतात आणि सल्ला ऐकून इतके दमतात, की पैसे जमवायचा नादच सोडतात. त्यांचीही गणती कमलाकरराव आपल्या यशातच करतात. "वाचवले की नाही त्याचे पैसे?"

सगळी नोकरी त्यांनी एका सरकारी कचेरीत केली. दुसऱ्यानं लिहिलेल्या कागदावर आपलं मत लिहायचं आणि कागद पुढे सरकवायचा, एवढंच काम. निवृत्त झाल्यावर कागद यायचे थांबले, मत मात्र रोज सकाळी चहासोबत येतच राहिलं. मग त्यांनी ते मोहल्ल्याकडे वळवलं. कोणाचा कूलर, कोणाची स्कूटी, कोणाच्या पोरीसाठी जावई. "घ्यायला हरकत नाही, पण..." अशी त्यांची सुरुवात असायची. वस्तू चांगली निघाली की वाक्याचा पहिला भाग आठवायचा, वाईट निघाली की उरलेला. या सोयीमुळे त्यांचा सल्ला आजवर एकदाही चुकलेला नाही.

स्वतःच्या घरात मात्र नवीन वस्तू सहसा यायची नाही, कारण अभ्यास पूर्ण व्हायचा असे. फ्रिजचा अभ्यास कित्येक उन्हाळे चालला. तोवर त्यांच्या पत्नी पद्मजाबाई शेजारच्या शकुबाईंच्या फ्रिजमध्ये दही ठेवायच्या. तो फ्रिज कमलाकररावांच्याच सल्ल्यानं घेतलेला, त्यामुळे ते त्याला अर्धा आपलाच समजत.

पद्मजाबाई बीए झालेल्या, तेही पहिल्या वर्गात. नवऱ्याच्या सल्ल्यांवर त्यांनी चारचौघांत कधी अवाक्षर काढलं नाही. लोक समजायचे, बाईंनाही पटते. बाईंना पटत नसे. पण नवऱ्याचा मान म्हणजे दिवाळीतल्या अनारशासारखा, जरा आच वाढली की विरघळतो, हे त्या ओळखून होत्या. म्हणून इतकी वर्षं त्या आच मंद ठेवून होत्या.

भैरवी त्यांची भाची. धाकट्या भावाची, नेरच्या अमरची मुलगी. बीसीए करायला यवतमाळला आली आणि आत्याकडेच राहिली. सुट्यांमध्ये एका फोटो स्टुडिओसाठी लग्नांचे व्हिडिओ कापून-जोडून द्यायची. लग्नसराई संपली तेव्हा तिच्या खात्यात एका बऱ्या लॅपटॉपपुरते पैसे साठले होते. तिला लॅपटॉप पाहिजे होता खेळायला. गेम खेळायला. स्वस्तातला पण खेळता येईल असा.

"अभ्यासासाठी म्हण ना बाई," पद्मजाबाईंनी समजावून पाहिलं. "सगळी पोरं तेच सांगतात. त्यात पाप नाही."

"काहून म्हणू, आत्या? अभ्यासाला कॉलेजचा पुरते. परीक्षेत नंबर आणून राहिली, काम करून पैसे आणून राहिली. आता मला खेळायचं आहे. दर वेळी मैत्रिणीच्या, निकिताच्या लॅपटॉपवर, तिचं खेळून झालं की माझा नंबर. मागून-मागून कोणी खेळते का?"

अमरचं नेरला कृषी केंद्र. फवारणीची औषधं विकणारा माणूस, खेळासाठी पैसे खर्च करतात हे त्याच्या गळी उतरेना. पण पैसे पोरीनंच कमावलेले, सरळ नाही म्हणणंही जड गेलं. मग त्यानं भारतातल्या सगळ्या बापांसारखं केलं. निर्णय दुसऱ्यावर ढकलला. "भाऊजी जो म्हणतील तो घ्यायचा. भाऊजी नाही म्हणाले तर त्या पैशाची चेन करू. सोनं आहे, लग्नात कामी येईल."

असा भैरवीचा लॅपटॉप कमलाकररावांच्या टेबलावर मतासाठी येऊन पडला.

कमलाकररावांनी कूलरसमोर आडवं होऊन चार दिवस व्हिडिओ पाहिले. पाचव्या दिवशी ते प्रोसेसर हा शब्द असा उच्चारू लागले, की जणू तो त्यांच्याच हाताखाली कारकून होता. भैरवी ग्राफिक कार्डाचं बोलायला गेली तर म्हणाले, "कार्ड-बिर्ड नंतर. आधी माल पाहू. वस्तू हाताला कळते."

मे महिन्यातली सकाळ. डोक्याला दुपट्टा गुंडाळून कमलाकरराव पुढे, मागे भैरवी, तिच्या मागे पद्मजाबाई, असे तिघं दत्त चौकाजवळच्या एका दुकानात शिरले. आत एसी होता, त्यामुळे विकत न घेणारे पण बरेच उभे होते. काउंटरमागे रोशन नावाचा विक्रेता होता. गिऱ्हाईक काय म्हणते त्याच्या आधीच तो मान हलवायचा.

त्यानं पहिला काढला तो काळा, जाड, रांगडा. भैरवीच्या पैशांत बसणारा, तिनं आधीच मोबाइलवर पाहून ठेवलेला. "ताई, यात ग्राफिक कार्ड आहे. गेमसाठी हाच." दुकानाच्या लॅपटॉपमध्ये गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम होताच. भैरवीनं तो सुरू केला. घाटातून गाडी सुसाट निघाली आणि लॅपटॉपच्या आतले पंखे घोंगावू लागले.

कमलाकररावांनी हात वर करून तिला थांबवलं. कान लावला. मग पोराचा ताप पाहतात तसा उलटा तळहात कीबोर्डाच्या वर ठेवला.

"ताप आहे याला."

"काका, गेम चालू आहे ना, थोडं गरम होते," रोशन म्हणाला.

"थोडं? अरे, मे महिन्यात यवतमाळात माणूस बसल्या जागी भाजते आणि ही भट्टी अजून पोरीच्या मांडीवर ठेवतो काय? आणि हे काय? चार्जर आहे का वीट?"

"वीटच आहे काका," रोशननं कबूल केलं. "तुम्ही बरोबर बोलून राहिले."

मग आला दुसरा. चंदेरी, सडपातळ, कागदासारखा हलका. किंमत जवळपास तीच. सुरू केला तरी सुरू झाला की नाही कळेना. कमलाकररावांनी पुन्हा कान लावला, पुन्हा हात ठेवला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

"हे पाहा. आवाज नाही, ताप नाही. घरात आहे की नाही समजतही नाही."

भाच्यासाठी मुलगी पाहायला कळंबला गेले होते तेव्हाही मुलीचं त्यांनी याच शब्दांत कौतुक केलं होतं, हे पद्मजाबाईंना आठवलं. त्यांनी पदरानं वारा घेतला. एसीतसुद्धा.

भैरवीनं याच्यावर तोच गेम लावला. गाडी निघाली, थबकली, टुणकन पुढे उडाली, पुन्हा थबकली. नेरहून येणारी एसटी प्रत्येक फाट्यावर थांबते, तशी.

"आतोबा, हे पाहा ना. गाडी थांबून थांबून चालून राहिली."

"सुरक्षित चालून राहिली," कमलाकरराव म्हणाले. "घाट आहे तो. मघाचा काळा किती बेफाम पळवत होता. अपघात झाला असता."

"अहो आतोबा, तो गेम आहे!"

"सवय लागते, बेटा."

बाजूला हवा खात उभे असलेले दोघं-तिघं जवळ सरकले. श्रोते जमले की कमलाकररावांचा आवाज आपोआप खाली उतरतो, गंभीर होतो. वस्तू कशी पारखावी, यावर ते बोलू लागले. रोशनचा तो चंदेरी माल बरेच दिवस कपाटात पडून असावा, कारण त्याची मान आता जोरात हलत होती. "आणि काका, यात एआय पण आहे."

"म्हणजे बुद्धी आहे त्याला."

"हो ना!"

"झालं तर मग," कमलाकररावांनी निकाल दिला. "हा थंडवाला घ्यायचा. नाहीतर अमर म्हणते तशी चेन बरी. ती तरी तापत नाही."

भैरवीनं हातातलं बँकेचं कार्ड पाहिलं. लहान असती तर रडली असती, पण आता तिला तेही जमलं नाही. तिनं कार्ड पर्समध्ये ठेवलं, चेन ओढून बंद केली आणि शांतपणे म्हणाली, "राहू द्या मग. ज्याच्यावर खेळता येत नाही त्याला घेऊन काय करू? बाबांना सांगा, करा सोन्याची."

ती शांत बोलली, तेच पद्मजाबाईंना बोचलं. ओरडली असती तर चाललं असतं. इतक्या लहान वयात एवढं शहाणं 'राहू द्या' म्हणायला पोरगी कुठे शिकली, हे त्यांना पक्कं माहीत होतं. रोज स्वयंपाकघरात आत्याच्याच तोंडून ऐकत होती ती.

त्या काउंटरजवळ आल्या.

"रोशनभाऊ, एक सांगा. हा चंदेरी गरम काहून होत नाही?"

रोशन पहिल्यांदाच मान हलवायला विसरला. "आता काकू... त्याच्यात वेगळं ग्राफिक कार्ड नाही ना. त्याले तेवढं कामच पडत नाही."

"म्हणजे काम करत नाही, म्हणून तापत नाही."

"तसंच म्हणा."

"आणि हा काळा?"

"तो ओढते ना काकू सगळं! मग पंखे लागतात, आवाज होते."

पद्मजाबाई नवऱ्याकडे वळल्या. आवाज रोजचाच, भाजीत मीठ बेताचं पडलं का विचारतात तसा. "अहो, आपल्या घरचा मिक्सर. तुम्ही असाच कान लावून निवडून आणला होता. अगदी गुणाचा, चूं का चां नाही. त्यानं आजवर एकदाही चटणी वाटली नाही."

"काय बोलते? रोज तर खातो आपण चटणी."

"खाता. मी आधी खलबत्त्यात कुटते, मग त्याच्यात घालून एकदा फिरवते. तुमचा मान राहावा म्हणून."

श्रोत्यांपैकी एक जण खोकला. तो खोकला नव्हता.

"दुकानात बोलायच्या गोष्टी आहेत का या?" कमलाकरराव दबक्या आवाजात म्हणाले.

"घरी बोलली असती. पण घरी ऐकून कोण राहिलं असतं? हे पाहा, जे राबते ते तापते, आणि तापलं की आवाजही करते. मी रोज दुपारी ओट्याशी तापते. तुम्ही तेव्हा कूलरसमोर असता, म्हणून तुम्हाला थंड वस्तूचं एवढं कौतुक. तुमची चूक नाही त्यात. पोरीला शोभेची वस्तू नको, चालणारी पाहिजे. पैसे तिचे, खेळ तिचा, मांडीही तिची."

तेवढ्यात कमलाकररावांचा फोन वाजला. नेरहून अमर. त्याला हळू बोलता येत नाही, औषधाची फवारणी समजावता-समजावता आवाज मोठा झालेला. स्पीकर न लावताही सगळ्या दुकानाला ऐकू आलं. "भाऊजी! काय ठरलं? नाही म्हणत असाल तर सांगा, सराफाकडेच बसून आहो मी!"

कमलाकररावांनी तोंड उघडलं. आजवर कोणत्याही प्रश्नावर त्यांच्याकडे मत नाही असं झालं नव्हतं, पण या घडीला खरंच नव्हतं. हो म्हणावं तर बायकोनं चारचौघांत हरवलं. नाही म्हणावं तर चारचौघांना कारण सांगावं लागेल. भैरवी त्यांच्याकडे नाही, त्या काळ्या लॅपटॉपकडे पाहत होती.

पद्मजाबाईंनी त्यांच्या हातून फोन घेतला. "अमर, मी ताई. हे म्हणून राहिले, काळाच घे. जड आहे, आवाज करते, तापतेही. म्हणजे अंगात काम आहे त्याच्या. थंडवाले नुसते दिसायचे, असं यांचं मत आहे."

"भाऊजी स्वतः म्हणाले?"

"मग काय मी सांगून राहिली मनानं? घे, बोल त्यांच्याशीच."

आणि त्यांनी फोन पुढे केला. त्या पुढे केलेल्या हातात कित्येक वर्षांची तालीम होती. एका हातानं मान उतरवायचा आणि तो खाली पडायच्या आत दुसऱ्या हातानं झेलून पुन्हा बसवायचा, हे पद्मजाबाईंनाच जमावं.

कमलाकररावांनी फोनकडे पाहिलं, श्रोत्यांकडे पाहिलं. दुपट्टा नीट केला. फोन कानाला लावला.

"हं, अमर. हे पाहा, लॅपटॉपमध्ये मुख्य काय असते? पंखा. लोकांना ते समजत नाही. थंड राहणाऱ्या मालाच्या नादी लागतात आणि फसतात. काम करणारी वस्तू तापणारच, निसर्गाचा नियम आहे. आता आमच्याकडेच एक मिक्सर आहे..." ते अडखळले. "म्हणजे, ओळखीतल्या एकांकडे आहे."

रोशनची मान पुन्हा पूर्ववत हलू लागली. "काका बरोबर बोलून राहिले," म्हणत त्यानं काळ्याचं खोकं काढलं. भैरवीनं पर्स इतक्या घाईनं उघडली, की कार्डासोबत कॉलेजचं ओळखपत्र आणि दोन चॉकलेटंही काउंटरवर सांडली. तिनं आत्याकडे पाहिलं. आत्यानं डोळ्यांनीच सांगितलं, आधी पैसे भर, मग हस.

पलीकडे कमलाकरराव रंगात आले होते. अमरनं सराफाकडून निघतो म्हटलं तरी त्यांनी त्याला सोडलं नाही. श्रोत्यांपैकी एकानं त्यांना स्वतःच्या पुतण्याच्या लॅपटॉपबद्दल खुणेनं विचारलं, तर त्यांनी बोट वर करून त्यालाही रांगेत उभं केलं.

"रोशनभाऊ," पद्मजाबाईंनी हळूच विचारलं, "मिक्सर ठेवता का तुम्ही?"

"नाही काकू. बाजूच्या दुकानात भेटते."

"भैरवी, बिल नीट पाहून घे. वॉरंटीचा कागद विसरू नको. मी आलीच."

बाजूच्या दुकानात एसी नव्हता. दुकानदार हात पुसत पुढे आला आणि त्यांच्या मागे कोणी येते का पाहू लागला. "काकू, काका नाही आले? त्यांच्या पसंतीशिवाय..."

"ते कामात आहेत. तुम्ही मिक्सर दाखवा. दिसायला कसाही असू द्या, मोटार दमाची पाहिजे. आणि कोरडी लाल मिरची असेल तर टाकून चालवून दाखवा."

मिरची निघाली, दुकानदाराच्या डब्यात भाजून आणलेली. त्यानं ती भांड्यात टाकली, झाकण दाबून बटण फिरवलं. मिक्सर असा गरजला, की फळीवरचे कुकर थरथरले. पद्मजाबाईंनी मोटारीवर तळहात ठेवला. गरम होऊ लागली होती. त्यांनी हात तसाच राहू दिला.

लॅपटॉपच्या दुकानाच्या पायरीवर येऊन कमलाकरराव त्यांना हाक मारत होते. पद्मजाबाईंनी दुकानदाराला खूण केली, अजून थोडं चालू द्या.