साडी आली, मुराळी नाही आला

गेल्या रविवारी फोनवर तुझा आवाज थकलेला वाटला. घर पसंत पडलं, बोलणी झाली, आणि तरी कुठल्या ना कुठल्या कागदासाठी सगळं अडून बसलंय, असं तू सांगत होतीस. मी ‘होईल गं’ एवढंच म्हटलं, कारण फोनवर मला धड सांगता येत नाही. टेबलाशी बसून लिहायला लागलं की सांगता येतं. म्हणून हे तुझ्यासाठी. तुझ्या भावालाही वाचायला दे.

पवनेच्या धरणाचं काम चालू होतं, त्या वर्षांतली ही गोष्ट. तुमचे आजोबा रेल्वेत होते आणि आम्ही लोणावळ्याला क्वार्टरमध्ये राहत होतो. त्याआधी दौंड झालं होतं, इगतपुरी झालं होतं. प्रत्येक वेळी बदलीचा हुकूम आला की मी खोकी बांधायची आणि तुमच्या वडिलांची शाळा बदलायची. लोणावळ्यात मला शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी लागली, नुकतीच कायम झाली, आणि तेवढ्यात यंदा शाळांच्या परीक्षा झाल्या की भुसावळ, अशी कुणकुण लागली. या वेळी मात्र मी ठरवलं होतं, आजोबांनी जावं, पण मुलं आणि मी इथेच राहणार. त्यासाठी स्वतःचं घर हवं होतं. क्वार्टर बदलीबरोबर जाणारच होतं.

लोणावळ्यात घर बघायचं ते ऐन पावसात. उन्हाळ्यात सगळीच घरं चांगली दिसतात. आम्ही हे घर श्रावणात पाहिलं. दोन खोल्या, पुढे ओटी, मागे पडवी, कौलं, आड. आजोबांनी पश्चिमेच्या भिंतीवर तळहात ठेवला, भिंत कोरडी लागली, आणि त्यांनी तिथेच मनाशी ठरवलं. मागचं दार तेवढं फुगलेलं होतं. आम्ही दोघांनी ढकलूनही ते उघडलं नाही.

घरमालक बाजारात किराणा दुकान चालवायचे. बायको जाऊन दोनेक वर्षं झालेली, मुलगा पिंपरीला कारखान्यात. ते दुकानाच्या मागच्या खोलीत झोपायचे आणि घर बंद असायचं. त्यांना मुलाकडे जायचं होतं. माणूस सरळ होता. इसाराची आगाऊ रक्कम घेतली त्याच दिवशी किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाले, बाई, अधूनमधून उघडून झाडून काढत जा, बंद घराला वास येतो. त्या विश्वासाची आठवण झाली की मला आजही बरं वाटतं.

पण खरेदीखत होईना. घर मालकांच्या वडिलांचं होतं आणि मालकांना एक थोरली बहीण होती. आमच्या वकिलांनी सांगितलं, तिचा अंगठा आल्याशिवाय वडगावच्या नोंदणी कचेरीची पायरी चढू नका. मालक म्हणाले, त्यात काय, आक्का कशाला नाही म्हणेल. बहिणीने हक्क सोडायचा तर भावाने तिला साडीचोळी करायची, हा रिवाज. त्यांनी चांगली इरकल साडी आणि खण घेतला, पिशवीत घातला आणि ओळखीच्या एसटी कंडक्टरबरोबर पवनेच्या बाजूला बहिणीच्या गावी पाठवून दिला. वर निरोप, अमुक दिवशी वडगावला यावं.

साडी त्याच कंडक्टरबरोबर परत आली. घडीसुद्धा मोडलेली नव्हती. पिशवीत वर शेतातले पावटे होते, कारण भावाची पिशवी रिकामी कशी धाडायची. मालकांनी पावट्यांची आमटी केली आणि आम्हाला समजावलं, पावटे आले म्हणजे राग नाही. महिन्याने साडी पुन्हा गेली, पुन्हा परत आली. या वेळी वर नाचणी होती. आजोबा म्हणाले, असंच चालू राहिलं तर आपल्याला घर नाही, पण वर्षाचं धान्य मिळेल. मी हसले, पण क्वार्टरमधली खोकी मी माळ्यावरून उतरवून ठेवली होती.

शिमगा झाला तरी काही हललं नाही. शेवटी एका रविवारी मी कामशेटला उतरले आणि एसटीने आक्कांच्या गावी गेले. मनात मी वाक्यं नीट जुळवली होती, कायदा काय म्हणतो, मुलांची शाळा कशी अडेल, सगळं. गावात पोचले तर अर्ध्या घरांची कौलं उतरवून रचून ठेवलेली. जमीन धरणात जाणार होती आणि लोक वासे, कौलं, दारं घेऊन वर सरकायच्या तयारीत होते. आक्का उतरवलेल्या चौकटीवर बसून तांदूळ पाखडत होत्या. जुळवलेलं एकही वाक्य मला उच्चारवलं नाही. त्यांनी मला पाणी दिलं, गूळ दिला, आणि मी कोण ते सांगितल्यावर सूप खाली ठेवलं.

“साडी आली, पन मुराळी न्हाई आला,” त्या म्हणाल्या. “साडी काय, पोस्टमनबी आणतोय.”

मुराळी म्हणजे सासरहून लेकीला माहेरी न्यायला येणारा माणूस. भाऊ असेल तर भाऊच. तुम्हाला हा शब्द कदाचित माहीत नसेल. तो आल्याशिवाय लेक माहेरी जात नाही, कितीही जवळ असलं तरी.

मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, “बाई, सासर पान्यात चाललं, माहेर तुमी घेताय. घ्या, तुमचा काय दोष न्हाई. मला पैबी नको. पन त्या दारातनं एकदा लेक म्हनून आत जाऊन भाईर येऊ द्या. मंग कुटंबी अंगठा लावते.”

परत येताना त्यांनी माझ्याही पिशवीत तांदूळ घातले.

मी तशीच दुकानात गेले आणि मालकांना झालं ते सांगितलं. बराच वेळ ते तराजू पुसत राहिले. बायको गेल्यापासून बहिणीला बोलावणारं घरात कुणी उरलं नव्हतं, आणि ते त्यांना तोंडाने सांगता येत नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

“तितली चूल पेटत न्हाई बाई,” ते म्हणाले. “थंड चुलीवर आक्काला बोलावू? ल्हानाचा मोठा केलाय तिनं मला.”

“चूल मी पेटवते,” मी म्हटलं. “तुम्ही आणायला जा.”

घर अजून माझं नव्हतं आणि पाहुणी माझी नव्हती. तरी चैत्रातल्या एका रविवारी मी सकाळीच क्वार्टरमधून डबे, पाट, पुरणयंत्र असं सगळं हातगाडीवर घालून तिथे गेले. आजोबांनी आडाचं पाणी भरलं. चूल दोन वर्षांनी पेटत होती, सगळा धूर घरात कोंडला आणि मागचं दार उघडत नव्हतं. डोळ्यांतून पाणी येत असतानाच ओटीवर पावलं वाजली. मालक डोक्याला नवी टोपी घालून पुढे आणि आक्का मागे. मी उंबऱ्यात त्यांच्या पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. त्या आत आल्या, धूर पाहिला, सरळ मागच्या दाराशी गेल्या, कडी धरून दार थोडं वर उचललं आणि ढकललं. दार उघडलं.

“आमच्या बाचं दार,” त्या म्हणाल्या. “त्याला मान द्यावा लागतो.”

भाऊबहीण शेजारी शेजारी जेवायला बसले. मालकांनी दुसरी पोळी नको म्हटली तर आक्कांनी ती आपल्या हाताने त्यांच्या ताटात घातली, आणि त्यांनी मान खाली घालून खाल्ली. दोनदा परत आलेली साडी मालकांनी त्यांच्या ओटीत घातली. निघताना आक्का पडवीत, माजघरात, ओटीवर थोडं थोडं थांबल्या. मग मी त्यांना कुंकू लावलं, तेव्हा माझा हात धरून म्हणाल्या, “येते, वैनी.”

मालक दुसरीकडे बघत होते.

त्याच आठवड्यात वडगावला अंगठा झाला. आजोबा भुसावळला गेले आणि मुलं अन् मी या घरात राहायला आलो. मालक पिंपरीला मुलाकडे गेले. दिवाळी आली तेव्हा रजेवर आलेल्या आजोबांनी मला न विचारताच टोपी घातली. कुठे चाललात म्हटलं तर म्हणाले, मुराळी म्हणून. मालकांना त्यांनी वाटेत कामशेटला गाठलं आणि दोघे मिळून आक्कांना घेऊन आले. मग दर दिवाळीला तेच. आजोबांना जमलं नाही त्या वर्षी तुमचे वडील गेले.

तुम्ही लहानपणी दिवाळीत इथे यायचात तेव्हा पडवीत बसून तुम्हाला नाचणीचे लाडू भरवणारी, तुझ्या वेण्या तेल थापून घट्ट घालणारी म्हातारी आठवते ना? तुम्ही तिला आत्याआजी म्हणायचात. आपली कोण लागते, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत आणि आम्हालाही कधी सांगावंसं वाटलं नाही. त्याच या आक्का.

तुझा कागद कुठे अडलाय ते मला माहीत नाही. पण तो ज्याच्याकडे अडलाय, त्याच्याकडे एकदा जाऊन बस. आणि इथे येशील तेव्हा मागचं दार ढकलू नकोस. उचलून उघड.