फुटपाथ चकाचक, ट्राम ठप्प

मंडळी, सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय.

फ्रँकफर्टमध्ये काल रात्रभर बर्फ पडला. दारासमोरचा फुटपाथ साफ करायची पाळी आमच्या वरच्या मजल्यावरच्या संदीपदादांची होती. त्यांनी तो चकाचक केला आणि सगळा बर्फ समोरच्या ट्रामच्या रुळांवर लोटला!

मी खाली आले तेव्हा ट्राम दारातच अडकलेली. रुळांच्या खाचेत बर्फ घट्ट बसला होता आणि ट्रामची ड्रायव्हर बाई वाकून लोखंडी कांबीने तो खरवडत होती. आतल्या एक आजी रडवेल्या झाल्या होत्या. त्यांची डोळ्याच्या डॉक्टरांची वेळ चुकत होती.

"दादा, चला ना, आपण काढू," मी म्हटलं.

"अगं, रुळांची सफाई आपल्याकडे येत नाही. ट्रामवाल्यांची माणसं येतील की!"

"पण बर्फ तुमचा आहे!"

"गेनाऊ, अगदी बरोबर! आणि मीच काढला," म्हणत ते हसत वर गेले.

आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. शिकलेली माणसं आपल्या दारापलीकडे बघतात, असं मला वाटायचं. दादांकडे तर दोन पदव्या आहेत.

मी फावडं घेऊन ड्रायव्हर बाईंना मदत केली. तरी अर्धा तास गेला आणि आजींची वेळ हुकली. आता पुढची वेळ तीन महिन्यांनी.

तरीही आजींनी माझा हात धरून आभार मानले. तो बर्फ आमच्याच दारातला होता, हे मी त्यांना सांगितलंच नाही. तुम्ही सांगितलं असतं?