मशीन बिमार हाय

"मोटर बंद करा होऽ, आज मशीन बिमार हाय!"

सकाळी ही आरोळी आली की नाल्याकाठचे आम्ही सगळे भाजीवाले कपाळाला हात लावायचो. ओरडणारा शहराचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटवर ऑपरेटर होता, ठेकेदाराचा माणूस, मूळचा मेडशीचा. टाकीत हवा सोडणारं मशीन बंद पडलं की गटाराचं पाणी जसंच्या तसं नाल्यात यायचं, आणि आमच्या मोटरी त्याच नाल्यावर. ओरडायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं. तरी सायकल काढायचा आणि बांधाबांधाने ओरडत जायचा.

मशीन चालू असलं की त्याचा रुबाब तुम्ही बघायला हवा होता. प्लांटमधून सुटणाऱ्या पाण्याने तोंड धुवायचा. एकदा पाहणीला आलेल्या साहेबालाच म्हणाला, "या साहेब, तोंड धुऊन घ्या." साहेब दोन पावलं मागे सरकले. "भेता काहून? आज तब्येत बरी हाय त्याची!"

मी त्याला एकदा मेथीची जुडी दिली. त्याने विचारलं, "हिले पानी कोन्त्या दिवशी देल्लं?"

"मंगळवारी."

"मंगळवारी मशीन बिमार व्हतं, भाऊ." जुडी परत माझ्या हातात. फुकटातही एवढा चोखंदळ! आम्ही आठवडाभर हसलो. मंगळवारची बाकीची मेथी तोवर बाजारात खपली होती.

मग एका उन्हाळ्यात मशीन कितीतरी दिवस बंद राहिलं. ठेकेदार दुरुस्त करेना. पाण्यावाचून पालकाने माना टाकल्या. दोन दिवस आम्ही ऐकलं, तिसऱ्या दिवशी मोटरी सुरू. घाण पाण्याने भाजीला जोर येतो, हेही आम्हाला ठाऊक होतंच. तो बांधावर उभा राहून घसा फोडायचा, "अरे, लोकायचे लेकरं खाऊन राह्यले हे!" त्याचा आवाज पार रस्त्यापर्यंत जायचा. बाजारात बाया विचारू लागल्या, "नाल्याची हाय का?"

तेव्हा आम्ही अर्ज केला. हा माणूस कामाच्या वेळी प्लांट सोडून बाहेर फिरतो, असं लिहिलं. लिहिणारा मीच, माझं अक्षर बरं म्हणून. ठेकेदार तर टपूनच बसला होता. बंद मशीनची बोंब मारणारा माणूस त्याला कशाला हवा? चार दिवसांत त्याला घरी बसवलं, आणि आम्ही वर चहा प्यालो. सांगायला लाज वाटते.

आता सकाळी शांत असतं. मशीन बरं की बिमार, कोणी सांगत नाही, आम्ही विचारत नाही. घरच्यापुरता एक वाफा मात्र मी विहिरीच्या पाण्यावर ठेवला आहे.

गेल्या वर्षी आठवडी बाजारात तो बायकोसोबत माझ्यासमोर येऊन उभा राहिला. खंगला होता. किन्हीराजाकडे मजुरीला जातो म्हणाला. त्याच्या बायकोने पालकाची जुडी उचलली. मला राहवलं नाही. वाकून हळूच म्हणालो, "वहिनी, तो नका घेऊ."

तिने जुडी खाली ठेवली. मग शेजारी पिशव्या उघडून उभ्या असलेल्या बायांकडे त्याने बोट केलं.

"मंग यायले काहून नाही सांगत?"

मी जुड्यांवर पाणी शिंपडू लागलो. तो गेला. पुढच्या बाईला मी विचारलं, "किती जुड्या देऊ?"