बेक्ड बीन्स आणि आत्याची माळ

माणसाचा धर्म त्याच्या अन्नावर टिकून असतो, असं आमची आत्या नेहमी सांगायची. ऐंशीच्या दशकातल्या एका रविवारी नेरूळच्या आमच्या नव्या फ्लॅटमध्ये तो एका पत्र्याच्या डब्यावर टिकून होता.

परवा दुकानात बेक्ड बीन्सचा डबा दिसला आणि तो गोडसर, टोमॅटोचा वास आठवला. काकांनी लंडनहून आणलेल्या डब्याला आईने कढीपत्त्याची फोडणी दिली होती. "घेवड्याची गोड उसळच की," म्हणत आत्याने दुसऱ्यांदा वाढून घेतली. तेवढ्यात जेवायला आलेले बाबांचे रबाळ्याच्या कारखान्यातले साहेब इतिहास सांगू लागले.

"मूळ अमेरिकेतला पदार्थ. घेवडा, काकवी आणि डुकराचं मांस मातीच्या भांड्यात रात्रभर शिजवायचे."

आत्याचा घास तोंडातच थांबला. हात गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडे गेला. पोटात मांस गेलं तर माळ उतरवावी लागते.

बाबांनी कचऱ्यातून डबा काढला आणि खिडकीशी नेला. सॉसने माखलेली अक्षरं बोटाने पुसत ते वाचत होते. साहेब ताटातल्या मिठाकडे बघत होते.

"घेवडा, टोमॅटो, साखर, मीठ, मसाले. बाकी काही नाही."

आत्याने घास गिळला. "साहेब, इतिहास हात धुतल्यावर सांगत जा."

तेव्हा मला तो आत्याच्या पुण्याईचा प्रताप वाटला. पुढे वाचनात आलं, की त्या डब्यांत पूर्वी डुकराचा तुकडा असायचा. दुसऱ्या महायुद्धात मांस मिळेना, म्हणून इंग्रजांनी तो वगळला.